दक्षाबाईंनी लावलेली ओळ

तलासरीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पाळक आले नि गेले, पंच आले नि गेले, देवळाचे पत्रेसुद्धा वादळात उडाले आणि नवे बसले. जागच्या हलल्या नाहीत त्या फक्त दक्षाबाई. त्यांचे यजमान प्रविण मास्तर आश्रमशाळेतून निवृत्त झालेले आणि मंडळीत पंच. पण मास्तरांचं पंचपण रजिस्टरात सही करण्यापुरतं. कुणाचं लग्न कधी लागायचं, नाताळला मटण कुठून आणायचं, नवीन पाळकाच्या बायकोने ओढणी कशी घ्यायची, हे सगळं दक्षाबाई ठरवत आणि मास्तर रविवारी उभे राहून जाहीर करत.

दक्षाबाईंचं प्रेम मोठं. हे त्या स्वतःच सांगत, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. जुन्या साड्यांची बोचकी घेऊन त्या पाड्यापाड्यावर जात, कुपोषित पोराला कडेवर घेत, फोटो निघाला की आईकडे परत देत. "प्रभूने माझ्या हृदयात गरिबांसाठी जागा ठेवलीय," असं म्हणताना त्यांचा आवाज भरून येई. जागा होती यात खोटं काही नाही. ती मागच्या बाजूला होती आणि तिला दार नव्हतं, एवढंच.

पवित्र गुरुवारची संध्याकाळ म्हणजे त्यांच्या वर्षाचा कळस. त्या दिवशी प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर नि द्राक्षारस घेण्याआधी, पाय धुण्याचा विधी असे. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, बाकं जोडून चौकोनात बसायचं. पहिलीने कमरेला टॉवेल बांधून दुसरीचे पाय परातीत धुवायचे, पुसायचे. मग दुसरीने उठून तोच टॉवेल बांधायचा आणि तिसरीचे धुवायचे. शेवटची येऊन पहिलीचे पाय धुते आणि फेर पुरा होतो. नंतर भाकर फिरते ती उलटी. ज्या हातांनी तुझे पाय धुतले, त्या हातांवर तू भाकर मोडून ठेवायचीस, असा जुन्या लोकांनी घालून दिलेला शिरस्ता. त्या लोकांना दक्षाबाई भेटल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी बसायचा क्रम देवावर सोडला होता.

दक्षाबाईंनी तो आपल्याकडे घेतला. कोण कुणाशेजारी बसेल हे त्या आदल्या रविवारीच ठरवत. त्यांच्या पायांशी येणारी शेवटची बाई नेहमी शितल टीचर असायची, कारण शितलचे हात मऊ आणि अंगठ्या काढून ठेवायची तिला सवय. बाकी सगळ्या बायका घरून पाय घासून, टाचा दगडाने खरवडून, नखांना रंग लावून येत. धुवायला काही उरतच नसे. परातीतलं पाणी शेवटपर्यंत पिण्याजोगं राही आणि सगळ्या नम्रतेने डोळे पुशीत.

या वर्षी मात्र घोळ झाला. मुंबईच्या एका संस्थेचे पाहुणे विधी बघायला येणार होते. त्यांनी विषय कळवला, 'उपेक्षितांवर प्रीती'. दक्षाबाईंनी त्याचा बॅनर छापून घेतला, त्यावर उगवता सूर्य आणि कबुतर टाकलं. मग कमिटीत प्रश्न निघाला की प्रीती तर तयार आहे, उपेक्षित कुठून आणायचा?

आता या मंडळीत उपेक्षितांची चणचण पडावी, हीच एक गंमत. बसलेल्या प्रत्येकीचा आजा सावकाराच्या वाडीत वेठीला राबलेला. खुद्द दक्षाबाईंच्या आजीला सावकाराच्या ओटीवर पाय ठेवायची मुभा नव्हती, पाणी वरून ओंजळीत ओतत. पण पोरगा बोईसरच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, दारात गाडी आली, की माणसाला आपली आजी आठवत नाही. बायकांनी विचार करकरून नावं काढली.

"डहाणू स्टेशनबाहेर तो म्हातारा बसतो, बोटं झडलेला," शितल म्हणाली.

"पाय फार खराब आहेत गं त्याचे," दक्षाबाई म्हणाल्या. "फोटोत बरं दिसणार नाही. आणि बाईमाणूस पाहिजे."

तेव्हा कुणीतरी हळूच जिवलीचं नाव घेतलं आणि सगळ्या पदर सारखे करायला लागल्या.

जिवली मंडळीतलीच. बाप्तिस्मा घेतलेली, दर रविवारी येणारी, शेवटच्या बाकावर एकटी बसणारी. नवरा वारल्यावर वर्षभरात दिराचा बैल मेला, मग दिराचं पोर तापाने गेलं. भगताने सुपात दाणे टाकून बघितले आणि सांगितलं, घरात भुताळी आहे, जिवलीची नजर बाधते. जिवलीच्या नवऱ्याच्या नावावर नदीकाठची भाताची जमीन होती, ती दाण्यांत दिसली की नाही ते भगतालाच ठाऊक. पाड्याने तिचं झोपडं मोडलं, तिला मारत हाकललं. जमीन दिराकडे गेली. जमिनीला मात्र भूत लागलं नाही, ती अजून छान पिकते.

जिवली घोलवडला एका चिकूच्या वाडीत राहायला गेली. दिवसभर चिकू निवडायचे, पेट्या भरायच्या. तिने हाताळलेले चिकू ट्रकाने मुंबईला, दिल्लीला जात आणि तिकडे कुणाचं पोट दुखल्याचं ऐकिवात नव्हतं. पोट दुखलं ते तलासरीत. आधीच्या पाळकांनी तिला प्रभुभोजनाला बसवलं, तेव्हा प्याला एकच होता आणि तो तिच्या हातून म्हाताऱ्या सोनूबाईकडे गेला. त्या संध्याकाळी सोनूबाईचं पोट धरलं. तिने प्रीतिभोजनात मटणाच्या तीन वाट्या संपवल्या होत्या, पण वाट्यांचा कुणी विचार केला नाही.

ख्रिस्ती माणसं भुताळीबिताळी मानत नाहीत. दक्षाबाई तर या विषयावर पाड्यांवर भाषणं देत. तेव्हा जिवलीला त्या कारणाने कुणी बाहेर काढलं नाही. तिला फक्त शिस्तीखाली ठेवलं, म्हणजे देवळात यायचं पण प्रभुभोजन घ्यायचं नाही. का ठेवलं हे रजिस्टरात "बाब विचाराधीन" असं लिहिलं आणि तीन वर्षं विचार चालू होता. मोठा प्याला जाऊन औषधाच्या टोपणासारखे छोटे छोटे ग्लास आले. "कोरोनानंतर स्वच्छता पाहिजे," दक्षाबाई म्हणाल्या. जिवली मागच्या बाकावरून ताट फिरताना बघायची. प्रत्येक पाळकाला ती एकच गोष्ट विचारायची, माला भाकर कधी? बाकी तिने मंडळीकडे काही मागितलं नाही, जुनी साडीसुद्धा नाही. दक्षाबाईंना ते गर्वाचं लक्षण वाटे.

"तिचे पाय मी धुवेन," दक्षाबाई एकदम म्हणाल्या. सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. दक्षाबाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. मग त्यांनी योजना सांगितली. आपण जिवलीचे पाय धुवायचे, फोटो होऊ द्यायचे. टॉवेल मात्र सोडायचा नाही, आपणच पुढे सरकून सोनूबाईचे पाय धुवायचे. जिवलीला उगीच दमवायचं कशाला? आणि भाकर फिरायच्या आधी तिला प्रेमाने मागच्या बाकावर नेऊन बसवायचं. शेजारी सोनूबाई ठेवली ती अशासाठी, की तिला ऐकू कमी येतं, ती आरडाओरडा करणार नाही. दक्षाबाईंची सून रविना सातव्या महिन्यात होती. तिला चौकोनाच्या पार दुसऱ्या टोकाला, पंख्याखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर. मध्ये जितक्या बायका मावतील तितक्या. लग्नानंतर इतकी वर्षं वाट बघून दिवस राहिले होते. भुताळी मानत नाही म्हणून काय झालं, काळजी नको घ्यायला?

गुरुवारी देऊळ भरलं. नवीन पाळक मितेश, वय कोवळं, दक्षाबाईंसमोर कायम परीक्षेला बसल्यासारखा, पुढे उभा राहून घाम पुसत होता. पाहुण्या बाई कॅमेरावाल्याला घेऊन आल्या होत्या. जिवली चिकूच्या वाडीतून थेट आली होती. तिला सांगितलं होतं, आज तुला पुढे बसायचंय. धुतलेली साडी, पण पायांवर वाटेतली लाल धूळ, टाचांना भेगा, आणि हातात चप्पल. तिने दबकत विचारलं, "बाय, आज माला भाकर?"

"बस बस," दक्षाबाई म्हणाल्या. होही नाही आणि नाहीही नाही. यात त्या तरबेज होत्या.

दक्षाबाईंनी टॉवेल बांधला, गुडघे टेकले, जिवलीचे पाय परातीत घेतले. पाणी लाल झालं. इतक्या वर्षांत त्या परातीतलं पाणी पहिल्यांदा मळलं आणि पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दक्षाबाई हळूहळू धूत होत्या, कॅमेऱ्याकडे तीन चतुर्थांश चेहरा ठेवून. पुसून झाल्यावर त्या टॉवेल न सोडता गुडघ्यांवरच सोनूबाईकडे सरकल्या.

"नाही नाही!" पाहुण्या बाई आनंदाने पुढे आल्या. "आता या उठणार ना? मला तुमच्या विधीतलं हेच सगळ्यात आवडलं. ज्याचे पाय धुतले तोच उठून दुसऱ्याचे धुतो. कुणी कायम देणारा नाही, कुणी कायम घेणारा नाही. या मावशींचा फोटो तर हवाच!"

कॅमेरा जिवलीकडे वळला. दक्षाबाई हसल्या. टॉवेलची गाठ त्यांना काही केल्या सुटेना, शेवटी पाहुण्या बाईंनीच सोडवली आणि जिवलीच्या कमरेला बांधली.

सोनूबाईला ऐकू कमी येत होतं, दिसत मात्र ठणठणीत होतं. टॉवेल कुणाच्या कमरेला गेला हे बघताच ती काठी न घेता उठली, करंगळी दाखवली आणि तिच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने दाराबाहेर गेली. तिच्या पलीकडच्या दोघींनाही त्याच क्षणी लघवी लागली. आणि तेवढ्यात वीज गेली.

एप्रिलचा उकाडा. पंखा थांबला तशी रविना कासावीस झाली. खिडकीजवळची जागा रिकामी दिसली, म्हणून एका हाताने पोट आणि दुसऱ्याने खुर्ची धरून ती चौकोन ओलांडून आली आणि जिवलीशेजारी बसली.

"रविना, तिकडे बस," दक्षाबाई म्हणाल्या.

"आई, इथे वारा येतोय."

"तुला बाक टोचेल."

"मी खुर्ची आणलीय." रविनाने चपला काढल्या आणि पाय पुढे केले. पाय सुजून टम्म झालेले, चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटलेले. "धुवा मावशी. सकाळपासून भगभगतायत."

जिवली परात घेऊन जागीच थांबली. तिने दक्षाबाईंचा चेहरा बघितला होता. असे चेहरे तिने पाड्यावर बघितले होते आणि पुढे काय होतं तेही. "नको पोरी," ती हळू म्हणाली. "तुझी सासू भ्याली."

"आई? त्या कशाला भितील?" रविना म्हणाली, आणि आवाज काही हळू ठेवला नाही. "आई भुताळी मानत नाहीत. पाड्यांवर भाषणं देतात. विचारा पाहिजे तर."

पुरुषांच्या बाजूला प्रविण मास्तर खाकरले, अर्धे उठले, परत बसले. पाहुण्या बाईंना काही कळत नव्हतं, म्हणून त्या उत्सुकतेने दक्षाबाईंकडे बघत होत्या. दक्षाबाईंना वाटलं, ओरडावं. शिवू नको तिला, हात लावू नको, चालती हो! जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण वर बॅनर होता, समोर कॅमेरा होता आणि सून डोळे मोठे करून निरागस चेहऱ्याने बसली होती.

"छे!" दक्षाबाई म्हणाल्या. "आपण ख्रिस्ती लोक. आपण कुठलं असलं मानतो?"

"ऐकलंत ना मावशी?"

जिवली खाली बसली. रविनाचे पाय हातात घेताना ती तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटली, पण दक्षाबाईंचे कान तिथेच चिकटले होते. "माझे नजरेत येवढी ताकद असती तं पोरी, माझा घर मोडणारे अजून भात कापत बसले असते का?"

रविना खुदकन हसली. दक्षाबाईंना हसू आलं नाही. खरं तर इतकं सरळ बोलणं त्यांनी या विषयावर कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या भाषणांतही नाही. पण धास्ती अशी सरळ बोलण्याने जात नाही. जिवली सुजलेले पाय पाण्यात धरून हलक्या हाताने चोळत होती, रविनाने डोळे मिटले होते, आणि दक्षाबाई ओठ हलवत होत्या. पाहुण्यांना वाटलं प्रार्थना चाललीय. दक्षाबाई मनात मीठ-मिरच्या उतरवत होत्या. घरी गेल्यावर आधी कुणाकडून काय करून घ्यायचं, तो भगत अजून त्याच पाड्यावर बसतो का, इथपर्यंत त्यांचा विचार गेला आणि मग त्या स्वतःलाच दचकल्या.

फेर कसाबसा पुरा झाला. पळालेल्या बायका परत येऊन दूरच्या बाकांवर बसल्या. दक्षाबाई जिवलीच्या कानाशी वाकल्या. "चल गं, आता मागे बसू." जिवली उठायला लागली. इतक्या वर्षांची सवय, कुणी म्हटलं की उठायचं. रविनाने तिचा हात धरून ठेवला.

दक्षाबाईंनी पाळकाकडे बघितलं. हे काम त्याचं. शिस्तीखालची बाई प्रभुभोजनाला बसलीय, त्याने दोन शब्द बोलायला हवेत. मितेशने भाकरीचं ताट उचललं, दक्षाबाईंच्या नजरेला नजर मिळायच्या आत तोंड फिरवलं आणि ताट सरळ पलीकडच्या टोकाला देऊन टाकलं. भित्रा माणूस कधीकधी असाच शूर होतो, दुसरीकडे बघता बघता.

भाकर बेखमीर, दक्षाबाईंनीच भाजलेली. एकीने मोडायची आणि आपले पाय धुणारीच्या हातावर ठेवायची. ताट एकेका मांडीवरून सरकत रविनाकडे आलं. तिने तुकडा मोडला, जिवलीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "हे तुमच्यासाठी, मावशी."

जिवली त्या तुकड्याकडे बघत राहिली. बोटाच्या पेराएवढा असेल. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, रडू आवरताना होतं तसं. फोटो काढण्यासारखं तोंड नव्हतं ते. तिला तो तुकडा लगेच खाता आला असता, पण शिरस्ता तिला ठाऊक होता. तीन वर्षं मागे बसून तिने दुसरं काय बघितलं होतं? आधी पुढचीला द्यायचं. तिने ताटातून दुसरा तुकडा मोडला आणि वळली. तिचे पाय दक्षाबाईंनी धुतले होते.

"हे तुमच्यासाठी, बाय."

दक्षाबाईंनी हात पुढे केला, कारण हात पुढे न करायला कारण सुचलं नाही. तुकडा हातावर पडला. त्यांनी मूठ मिटली, मूठ तोंडाशी नेली, जबडा हलवला, मान खाली घातली. भाकर मुठीतच राहिली. खावी तर जिवलीच्या हातची. टाकावी तर प्रभूची. एवढीशी भाकर, पण तिने बाईला पार अडचणीत आणलं. घाम सुटलेल्या मुठीत ती भिजत चालली.

छोटे ग्लास फिरले. जिवलीने आपली भाकर खाल्ली, द्राक्षारस घेतला आणि कधी नव्हे ती मान वर करून बसली. ती कशी दिसत होती हे सांगत बसत नाही. भुकेलं माणूस जेवल्यावर दिसतं तशी.

मितेश पुढे आला आणि प्रभुभोजन मिटवताना पाळकाने विचारायचं ते त्याने विचारलं, "कोणी राहिलं आहे का?"

दरवर्षी या प्रश्नाला सगळे पायांकडे बघत आणि पाळक घाईने पुढची प्रार्थना सुरू करी. या वर्षी राहायला कुणी नव्हतंच. मितेशने ओंजळ जोडली, डोळे मिटायला घेतले.

"ह्या राहिल्या," जिवली म्हणाली.

तिच्या बोलण्यात काही डाव नव्हता. चिकू निवडून निवडून शेजारणीच्या हाताकडे बघायची सवय, दुसरं काही नाही. तिला खरंच वाटलं की बाईंच्या घशाला काही झालं असेल, नाहीतर तुकडा हातून सुटला असेल. उपाशी राहणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं, म्हणून ती बोलली. सगळं देऊळ दक्षाबाईंकडे बघायला लागलं. पुरुषांच्या बाजूने मास्तर बघत होते, दूरच्या बाकावरून सोनूबाई मान लांब करून बघत होती. दक्षाबाईंनी आजवर किती जणांना त्या नजरांपुढे बसवलं होतं. त्या स्वतः तिथे कधी बसल्या नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

जिवलीने त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि उघडली. आत भाकर नव्हती, लगदा होता. जिवलीने तो बघितला. तिला समजलं. तिच्या चेहऱ्यावर ते एकदाच येऊन गेलं, आणि रविनाने बघितलं, आणि दक्षाबाईंनीही बघितलं.

मग जिवलीने ताटात उरलेला तुकडा उचलला, मोडला, आणि हातावर न ठेवता थेट दक्षाबाईंच्या तोंडाशी धरला, लहान पोराला भरवतात तसा. तिची नखं चिकूच्या चिकाने काळी पडलेली होती.

"घ्या बाय," ती म्हणाली. "उपाशी नका राहू."

दक्षाबाईंनी तोंड उघडलं. गिळायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.